नावानिशी काळजी

2 ऑक्टोबर 1792 रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावी एका घराच्या बैठकीच्या खोलीत काही बॅप्टिस्ट पाळक जमले होते. त्यांच्यात धनवान कोणी नव्हते. दूरदेशी सुवार्तिक पाठवण्यासाठी आपण किती देऊ, हे एकेकाने चिठ्ठीवर लिहिले आणि त्या चिठ्ठ्या अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत गोळा झाल्या. बेरीज भरली 13 पौंड, 2 शिलिंग, 6 पेन्स. एवढ्या भांडवलावर मिशनरी संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी एकेकाळी जोडे शिवून पोट भरणारे विल्यम केरी बंगालला निघाले. फुलर पुढे सांगत असत की हिंदुस्थान ही त्यांना अतिशय खोल खाण वाटत होती. केरी खाली उतरायला तयार झाले, पण वर उरलेल्यांनी दोर धरून ठेवावा, एवढे त्यांनी मागितले.

आपल्याकडे रविवारच्या उपासनेत लोक साक्ष द्यायला उभे राहतात. देवाने माझी काळजी वाहिली, असे सांगतात. कोणाचे ऑपरेशन नीट पार पडलेले असते, कोणाच्या मुलीच्या फीचे पैसे शेवटच्या दिवशी जमलेले असतात. या साक्षी खऱ्या असतात. त्या नीट ऐकल्या, तर जवळजवळ प्रत्येकीत देवाबरोबर एखादा माणूसही सापडतो: दवाखान्यात रात्रभर बसून राहिलेला शेजारी, न मागता हातात पाकीट ठेवून गेलेली मावशी. देव एकेकाला ओळखून सांभाळतो आणि बहुतेक वेळा ते काम तो कोणाच्या तरी हातून करवून घेतो. म्हणूनच त्याच्या नावाने दिला जाणारा आधार एकेकाला ओळखून दिलेला असावा, असे मला फार वाटते. सेवक पाठवणाऱ्या मंडळीने तर हे मनात कोरून ठेवायला हवे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. चिमण्यांचे आणि डोक्यावरच्या मोजलेल्या केसांचे वचन आपण आजारपणात, संकटात एकमेकांना ऐकवतो. इथे येशूने ते शिष्यांना गावोगाव पाठवताना सांगितले आहे. अध्यायाच्या सुरुवातीला तो त्यांना कमरेला पैसा बांधू नका, झोळी घेऊ नका असे बजावतो, कारण कामकऱ्याला त्याचे अन्न मिळालेच पाहिजे. मध्यावर चिमण्या येतात. शेवटी, शिष्याला गार पाण्याचा प्याला देणाऱ्याचे प्रतिफळ बुडणार नाही, असे आश्वासन येते. रिकामी झोळी, पित्याची नजर आणि कोणीतरी पुढे केलेला प्याला, तिन्ही गोष्टी एकाच प्रवचनात आहेत. शिवाय चिमणी पडतच नाही, असे येशू म्हणत नाही. ती पडते तेव्हाही पित्याच्या नजरेआड होत नाही, असे तो म्हणतो. काळजीचा हा अर्थ विसरला की विश्वास भाबडा होतो आणि पहिल्याच आघाताला मोडतो.

देवच पुरवणारा असेल तर मंडळीने वर्गणी कशाला काढायची, असा प्रश्न काही जण प्रामाणिकपणे विचारतात. ते ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्यूलर यांचा दाखला देतात. म्यूलर यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली आणि गरज लोकांपुढे न मांडता फक्त देवापुढे मांडली, हे खरे आहे. पण हेच म्यूलर हडसन टेलर यांच्या चीनमधल्या सेवकांना वर्षानुवर्षे पैसे पाठवत होते. केवळ देवावर विसंबणारा हा माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी प्रार्थनेचे उत्तर झाला होता. चीनमध्ये गुडघे टेकलेल्या सेवकाला देवाने सांभाळले, ते ब्रिस्टॉलहून निघालेल्या रकमेतून. मंडळीचे देणे म्हणजे देवाच्या काळजीत सहभागी होणे. त्या काळजीवर अविश्वास दाखवला जातो, असा त्याचा अर्थ होत नाही.

तरी केटरिंगच्या दोराची कथा पूर्ण सांगायची तर एक दुखरी बाजूही सांगावी लागेल. केरींच्या पत्नी डोरोथी यांना इंग्लंड सोडायचे नव्हते. पदरी काही आठवड्यांचे मूल होते. त्यांनी आधी नकार दिला, मग बहीण सोबत येणार म्हणून त्या कशाबशा तयार झाल्या. बंगालमध्ये पैसा लवकर संपला, सुंदरबनच्या कडेला राहावे लागले, मग केरींनी निळीच्या कारखान्यात नोकरी धरली. इंग्लंडची पहिली पत्रे हाती पडेपर्यंत वर्ष उलटून गेले होते. 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर वारला. त्यानंतर डोरोथी यांचे मन जे ढळले ते पुन्हा सावरले नाही. 1807 मध्ये त्या गेल्या. इकडे केरींनी नोकरी धरल्याचे कळल्यावर संस्थेने त्यांना संसारी व्यवहारात न गुंतण्याचा इशारा पत्राने पाठवला.

मंडळीने दोर धरला होता, यात शंका नाही. पण तो धरला होता केरींसाठी, त्यांच्या कामासाठी. त्याच घरात बुडत चाललेल्या बाईला कोणी धरले होते? देवाच्या नजरेतून डोरोथी सुटल्या नव्हत्या, अशी माझी श्रद्धा आहे. मंडळीच्या नजरेतून मात्र त्या सुटल्या. आजही सेवकाच्या अहवालात किती सभा झाल्या, किती गावे गाठली, किती बाप्तिस्मे झाले याचे रकाने असतात. त्याच्या पत्नीला झोप लागते का, मुलांना त्या गावात शाळा आहे का, म्हाताऱ्या आईकडे जाऊन किती वर्षे झाली, हे विचारणारा रकाना क्वचितच असतो.

आकड्यांची घाई किती व्यर्थ असते, तेही याच कथेत दिसते. केरी हिंदुस्थानात उतरले 1793 च्या नोव्हेंबरात आणि पहिला बंगाली बाप्तिस्मा झाला 28 डिसेंबर 1800 रोजी. तो कृष्ण पाल या सुताराचा. मधल्या सात वर्षांत दाखवण्याजोगे काही नसताना फुलर इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या मंडळ्यांतून फिरत राहिले. पुढे 11 मार्च 1812 रोजी केरींच्या मिशनचा सेरामपूरचा छापखाना जळाला. खिळे, कागद, अनेक भाषांतली हस्तलिखिते राख झाली. सुमारे 10,000 पौंडांचे नुकसान होते, आणि ब्रिटनमधल्या मंडळ्यांनी ते बातमी पोहोचल्यावर काही आठवड्यांतच भरून काढले. त्याच सेरामपूरहून केरींचे मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि मराठी कोश 1810 मध्ये निघाला होता. वैजनाथ पंडितांची त्यांना मोठी साथ होती. केटरिंगच्या त्या चिठ्ठ्यांचे ऋण आपल्या भाषेवरही आहे.

आधार कसा असावा याचा नमुना मला फिलिप्पैच्या मंडळीत दिसतो. पौल कैदेत होता. त्या मंडळीने भेट पाठवली आणि ती घेऊन एपफ्रदीत नावाचा आपल्यातलाच माणूस पाठवला. तो तिथे मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. आपल्या आजाराची बातमी घरी कळली म्हणून तोच कासावीस झाला. पौलाने त्याला परत पाठवले आणि अशा माणसाचा मान राखा असे लिहिले. देवाने एपफ्रदीतावर दया केली, तशीच माझ्यावरही केली, असे पौल म्हणतो. नाहीतर दुःखावर दुःख कोसळले असते. एकाला बरे करताना देवाने दुसऱ्यालाही सांभाळले. त्या भेटीत किती नाणी होती ते पत्रात लिहिलेले नाही. माणसाचे नाव मात्र राहिले.

फिलिप्पैचे लोक स्वतः गरीब होते, ही गोष्टही महत्त्वाची आहे. मिझोरामच्या मंडळीत 1910 पासून एक रीत चालत आली आहे. घरातली बाई जेवणाचा तांदूळ काढते तेव्हा त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. त्या मुठीला तिथे 'बुहफाइ थाम' म्हणतात. मंडळी तो तांदूळ गोळा करते, विकते आणि त्या पैशातून सेवक पाठवते. ही रीत नुकती रुजत होती तेव्हाच बांबूला फुलोरा आला, उंदरांनी पिके खाल्ली आणि डोंगरात दुष्काळ पडला. तरी मूठ थांबली नाही. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडातून वसतिगृहातली मुले जगवली, त्यामुळे या मुठीची ताकद मराठी माणसाला समजावून सांगायला नको. वर्षातून एकदा मोठा चेक देणारा देऊन मोकळा होतो. रोज दोन वेळा मूठ काढणारीला रोज दोन वेळा त्या सेवकाची आठवण होते. तिच्या घरातही कमी आहे, म्हणून त्याच्या घरातली कमी तिला आतून कळते.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य तर घेणे आणि देणे या दोन्ही बाजूंना होते. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण गेली. पुढे बॉस्टनच्या मित्रमंडळींनी 1887 मध्ये संस्था स्थापून त्यांच्या नियोजित शाळेला दहा वर्षे पैसे पुरवण्याचे वचन दिले आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. ती मुदत संपत आली होती, पुढचे कोणी सांगू शकत नव्हते, आणि नेमका तेव्हाच 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई हिशेब करत बसल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. भुकेने घरातली माणसे नेलेली पाहिलेल्या बाईलाच देवाने या मुलींकडे पाठवले, असे मला वाटते. काळजी वाहणारा हात अनेकदा असाच, त्याच जखमेतून गेलेला असतो.

रमाबाईंकडून आणखी एक धडा घ्यावा. त्यांनी मदत कृतज्ञतेने घेतली, पण आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हाती दिली नाही. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्रांत ते स्पष्ट दिसते. दिलेल्या पैशाबरोबर सेवकाची मालकी मिळते, असे कोणत्याही मंडळीने समजू नये. पौलानेही फिलिप्पैची भेट घेतली, पण करिंथमध्ये स्वतःचे हात चालवून पोट भरले. कोणाकडून घ्यायचे आणि कधी नाही घ्यायचे, हे ठरवण्याचा सेवकाचा अधिकार शाबूत राहिला पाहिजे.

25 डिसेंबर 1905 रोजी सेरामपूरलाच, केरींच्या ग्रंथालयात, नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. माणसे भारतीय, पैसा भारतीय, नेतृत्व भारतीय, असा तिचा निर्धार होता. ज्या जागी इंग्लंडहून मदत येत होती, तिथेच भारतीय मंडळीने दोर आपल्या हाती घेतला. तिच्या संस्थापकांपैकी व्ही. एस. अझारिया 1910 मध्ये एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत बोलले. परदेशी मिशनऱ्यांनी आपल्या लोकांसाठी धन दिले, प्राणही दिले, हे त्यांनी आदराने मान्य केले आणि मग मैत्री मागितली. त्या सभागृहातल्या अनेकांना ते बोचले. बोचायलाच हवे होते. आज आपण देणाऱ्यांच्या जागी आहोत, तेव्हा अझारियांची मागणी आपल्यालाही उत्तर मागते.

म्हणून प्रत्येक मंडळीने, मग ती कितीही लहान असो, निदान एका सेवकाचे घर आपले मानावे. त्याच्या मुलांची नावे रविवारच्या प्रार्थनेत यावीत. वर्षातून एकदा भगिनी मंडळातल्या दोघी-तिघींनी त्याच्या पत्नीकडे राहायला जावे, आणि तिथे जाऊन भाषण न करता तिचे ऐकावे. तो थकला तर त्याला घरी बोलवावे, विश्रांती द्यावी आणि त्याबद्दल खुलासा मागू नये. सात वर्षे दाखवण्याजोगे काही घडले नाही, तरी आठव्या वर्षाचे अर्पण त्याच आनंदाने काढावे. देव आपल्याला ओळखतो हे आपण रोज अनुभवतो, तर त्या ओळखीचा वाटा दूर गेलेल्या भावाबहिणीपर्यंत पोहोचवणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. येत्या मंडळीच्या बैठकीत वार्षिक हिशेब वाचून झाला की एवढे एकच विचारावे: आपण ज्याला पाठवले, त्याचे घर कसे आहे? उत्तर ठाऊक नसेल, तर बैठक संपण्याआधी कोणी जायचे ते ठरवावे.