नाव कोणाचे, नियम कोणाचे?

माझे आजोळ सावंतवाडीचे. लग्न होऊन बेळगावास आलेल्या माझ्या आईच्या पेटीत दशावतारी गंजिफांचा एक संच होता. दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, अशी एकूण १२० गोल, हाताने रंगवलेली पाने. खेळाविषयी आईला एवढेच आठवत असे, की दिवसा डाव मांडला तर पहिली उतारी रामाची आणि रात्री मांडला तर कृष्णाची. आमच्या आजोळच्या डावाचे बाकीचे बारकावे तिच्या आत्याला ठाऊक होते. आत्या गेली आणि तो डावही गेला. पुढे सावंतवाडीच्या राजघराण्याने गंजिफा रंगवण्याची कला मोठ्या निष्ठेने पुन्हा उभी केली, आणि आज तेथे नवे संच मिळतात. पण ते घेणाऱ्यांपैकी कितीजण खेळतात? आमच्या घरापुरते बोलायचे तर पाने वाचली, खेळ मात्र हरवला.

गेल्या वर्षी नातवाने याच्या नेमके उलट उदाहरण माझ्यापुढे ठेवले. तो व त्याचे मित्र सुटीत एका टेबलाभोवती बसून घरीच छापून घेतलेल्या पानांवरून एक खेळ खेळत होते. मी चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, हा मूळ खेळ नव्हे, त्याची नक्कल आहे. मूळ खेळ आता कोणी छापत नाही." 'नक्कल' हा शब्द उच्चारताना त्याला मुळीच संकोच वाटला नाही. मला वाटला. दुसऱ्याने रचलेला खेळ त्याची कंपनी छापत नाही, एवढ्या कारणासाठी तो तिसऱ्याने उचलून वाटावा काय?

या प्रकारच्या खेळाला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. यात सोंगट्यांचा पट अत्यावश्यक नसतो. एक जण निवेदक होतो, इतर प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो आणि संवादातून कथा पुढे सरकते. पात्राला भिंत चढता आली की नाही, वार लागला की चुकला, हे फासे आणि नियम ठरवतात. असा पहिला प्रसिद्ध झालेला खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या 'टीएसआर' या चिमुकल्या कंपनीने १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या रूपाने त्याच्या हजार प्रती काढल्या. पुढील दशकात असे अनेक खेळ आले आणि त्यांतील बरेचसे चार-दोन वर्षांत बाजारातून नाहीसेही झाले.

पुस्तक दुर्मीळ झाले तरी एक प्रत हाती लागली की वाचता येते. खेळाचे तसे नाही. पाच माणसांना तेच नियम ठाऊक असावे लागतात आणि नवा भिडू आला की त्याच्या हाती देण्यासाठी आणखी एक प्रत लागते. छपाई थांबली की खेळ हळूहळू मरू लागतो. म्हणून इसवी सन २००० नंतर काही हौशी जाणकारांनी जुने नियम नव्या शब्दांत लिहून काढण्यास आरंभ केला. २००६ मध्ये आलेला 'ऑस्रिक' आणि २००७ मधला 'लॅबिरिंथ लॉर्ड' ही त्यांतील ठळक उदाहरणे.

कायद्याने त्यांना दोन आधार होते. पहिला जुना. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ च्या 'बेकर विरुद्ध सेल्डन' या खटल्यात निर्णय दिला, की हिशेब लिहिण्याची पद्धत समजावणाऱ्या पुस्तकाची शब्दरचना लेखकाची, पण त्या पद्धतीवर ग्रंथस्वामित्व सांगता येत नाही. हेच तत्त्व खेळाच्या नियमांना लागू पडते. दुसरा आधार म्हणजे 'टीएसआर' विकत घेणाऱ्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने २००० मध्ये दिलेला खुला परवाना. त्यानुसार तिच्या नियमांचा ठरावीक भाग कोणालाही वापरता येई. २०२३ च्या जानेवारीत कंपनीने हा परवाना मागे घेण्याचा घाट घातला, तेव्हा खेळणाऱ्यांनी एवढा विरोध केला की त्याच महिन्याच्या अखेरीस तिला माघार घ्यावी लागली.

परंतु कायद्याने चालते ते नीतीने चालतेच असे नाही; आणि येथे तर कायदा नीतीच्या आड येत होता. त्या परवान्यात अशी अट होती, की दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी आपला ग्रंथ जुळतो असे त्याच्या संमतीवाचून म्हणावयाचे नाही. म्हणजे नियम घ्या, पण ज्याच्यापासून घेतले त्याचे नाव घेऊ नका! ऋण मान्य करावयाचे तर ते आडवळणाने, 'पहिल्या आवृत्तीशी सुसंगत' अशा मोघम शब्दांत.

मला हे विपरीत वाटते, कारण माझ्या मते या प्रकरणातले मूळ देणे नावाचेच आहे. ज्या खेळातून हे सारे सुरू झाले त्याचाच इतिहास पाहा. गायगॅक्स यांनी १९७७ ते १९७९ या काळात त्या खेळाची विस्तृत आवृत्ती तीन ग्रंथांत काढली, तेव्हा लेखक म्हणून केवळ त्यांचे नाव राहिले. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये न्यायालयाची पायरी चढली आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. भांडण मानधनाचे होते तसेच नावाचेही होते. मूळ रचनाकारालाच जे सोसावे लागले, ते नक्कल करणाऱ्याने पुन्हा कोणाच्या वाट्यास आणू नये.

नातवाच्या हातातली पाने याच संदर्भात मला महत्त्वाची वाटली. १९८५ मध्ये 'टीएसआर'ने रॉबर्ट ई. हॉवर्ड यांच्या 'कॉनन' या कथानायकावर एक खेळ काढला. तो डेव्हिड कुक यांनी रचला. त्यांना 'झेब' या टोपणनावाने ओळखतात. खेळ फार चालला नाही. नियम एका कंपनीचे आणि नायक दुसऱ्याचा, त्यामुळे फेरछपाईची वाटही बिकट. अमेरिकेत पगारी नोकराने कंपनीसाठी केलेल्या कामाचे ग्रंथस्वामित्व प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकते. म्हणजे हा ग्रंथ २०८० च्या अखेरीस मुक्त होणार. १९८५ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा १०५ वर्षांचा असेल. पुनरुज्जीवन करणाऱ्याने कॉनन वगळला, त्याचे विश्व वगळले, नियम ठेवले आणि नवे नाव दिले 'झेफर्स'. त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ 'झेबची अद्भुतरम्य भूमिकाखेळपद्धती'. ज्या नावावर व्यापाऱ्यांचा हक्क होता ते घेता आले नाही, तेव्हा ज्याने डोके चालवले त्याचे नाव त्याने शीर्षकातच कोरले.

मूळ लेखकाला यातून पैसा मिळत नाही, हा आक्षेप उरतोच आणि तो हलका नाही. मात्र ग्रंथस्वामित्व कंपनीचे असल्याने जुन्या प्रती महाग दराने विकल्या गेल्या तरी लेखकाच्या हाती सहसा काही पडत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. मूळ खेळ पुन्हा मिळू लागला तर नकलेचे समर्थन संपत नाही काय? 'विझार्ड्स'ने जुन्या ग्रंथांच्या संगणकीय प्रतींची विक्री २००९ मध्ये बंद केली आणि २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. मूळ ग्रंथ मिळत असेल तर तो विकत घ्यावा, हे मी नातवालाही सांगितले. पण मूळ मालकाची मर्जी चार वर्षांत दोनदा फिरू शकते, हेही त्या तारखाच सांगतात. खेळाचे अस्तित्व एकाच कुलुपात असू नये.

एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. श्रम नाथांचे होते, ग्रंथ मात्र ज्ञानेश्वरांचाच राहिला. त्या ग्रंथाची आणि करमणुकीच्या खेळाची तुलना मी करीत नाही. पण दुसऱ्याची रचना हाती घेणाऱ्याची वृत्ती कशी असावी, हे त्यातून दिसते. जे नष्ट होत आहे ते उचलावे, स्वतःच्या शब्दांत मांडावे, कोठे फेरफार केला ते सांगावे आणि कोणाकडून मिळाले ते लपवू नये. एवढे पाळले तर 'नक्कल' हा शब्द उच्चारताना माझ्या नातवाला संकोच वाटला नाही, हेच योग्य होते.

त्याचे मित्र गेल्यावर मी पेटीतून गंजिफा काढल्या. एका कोऱ्या कागदावर मला ठाऊक असलेला तेवढा एक नियम लिहिला, आणि खाली आईचे व तिच्या आत्याचे नाव घातले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा डाव, किंवा दुसरा एखादा जुना खेळ, अजून कोणाला येत असेल, त्यांनी तो त्या माणसाच्या नावासह उतरवून घ्यावा, ही विनंती.