खाणीचे ऋण आणि कर्मसिद्धान्त

बंगळुरूच्या पूर्वेला सुमारे १०० किलोमीटरवर, कोलार गोल्ड फील्ड्सच्या वस्तीला खेटून फिकट राखाडी टेकड्या उभ्या आहेत. १८८० च्या दशकापासून २००१ पर्यंत खडक दळून सोने काढले, त्याचा हा उरलेला भुगा. गावात त्यांना सायनाइड डम्प म्हणतात. पण सायनाइडच्या आधी इथे पारा वापरात होता. खडकाचा लगदा पारा चोपडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडत. सोने पाऱ्यात मिसळून पत्र्याला चिकटे. तो थर खरवडून भट्टीत तापवला की पाऱ्याची वाफ होऊन सोने मागे राही. वाफ थंड करून पारा परत मिळवत, तरी या रीतीत थोडा निसटतोच. सायनाइडचे उन्हात विघटन होते. पारा मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही; गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते माशांत साठते. स्पेनमधील अल्मादेन आणि स्लोव्हेनियातील इद्रिया या खुद्द पाऱ्याच्या खाणी बंद पडल्या, पण तिथल्या माती-नद्यांतला पारा गेलेला नाही.

कर्मसिद्धान्ताला हे प्रकरण अवघड जाते. भारतीय दर्शनांनी दोन दोष वर्ज्य मानले: केलेले कर्म फळ न देता नष्ट होणे हा कृतनाश आणि न केलेल्याचे फळ पदरी पडणे हा अकृताभ्यागम. कर्ता तोच भोक्ता, हा त्यामागचा आधार. खाणीत नेमका तोच निखळतो. नफा घेणारे भागधारक लंडनचे. टेकड्यांची धूळ खाणारे मूल खाण बंद झाल्यावर जन्मलेले. त्या मुलाचे पूर्वजन्मीचे कर्म पुढे केले की सिद्धान्त वाचतो, पण खाणमालकही सुटतो. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये पूर्वकर्माच्या कल्पनेवर हाच आक्षेप घेतला: गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाज आणि राज्य यांच्यावरून तिच्यामुळे उतरते. कोलारचे बहुतेक खाणकामगार उत्तर अर्काटकडून आलेले दलित होते, हे इथे विसरता येत नाही. बुद्धानेही मोलियसीवक सुत्तात वेदनेची आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशा यादीत कर्म हे केवळ एक.

उपयोगी धागा मोक्षशास्त्रापेक्षा व्यवहारशास्त्रात, म्हणजे कायद्याच्या शास्त्रात सापडतो. विज्ञानेश्वराने कल्याणी, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे, याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. त्या परंपरेत पाप वारशाने येत नाही, ऋण मात्र येते. आणि मृताची मालमत्ता जो घेईल त्याने त्याचे कर्ज फेडावे. बापाने जुगारात वा दारूत केलेले कर्ज मुलावर नाही, अशी सूटही आहे. म्हणजे दोष न चिकटवता दायित्व पुढे नेण्याची सोय इथे आहे, आणि कंपनीला आत्मा आहे का, या वादात शिरायचीही गरज उरत नाही.

कोलारचे वारस ठाऊक आहेत. जॉन टेलर अँड सन्सच्या व्यवस्थापनाखालील खाणी १९५६ मध्ये म्हैसूर राज्याकडे, मग केंद्राकडे गेल्या. १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली. टेकड्यांत अजून थोडे सोने आहे, म्हणून त्यांच्या लिलावाच्या केंद्राच्या प्रस्तावाला २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने संमती दिली. मिताक्षरेच्या हिशेबाने तो भुगा उचलणाऱ्याकडे त्यातल्या सोन्याबरोबर वस्तीतल्या धुळीचे देणेही जाते.