जुन्या कर्जाला हात लावू नकोस

फ्रीमाँट, रविवार

चि. निखिल यास,


परवा तू फोनवर म्हणालास, "मावशी, आई-बाबांसाठी गॅरेजचं घर करतोय, सगळं कर्जच नव्याने करून घेतो." तेव्हापासून मला चैन नाही. ताई आणि भाऊजींना इथे आल्यावर स्वतःचं दार, स्वतःची चहाची शेगडी असावी, ही तुझी इच्छा मला मनापासून पटली. पैशाची वाट मात्र बदल.

तुझं घरकर्ज २०२१ सालचं, २.८७५ टक्क्यांचं, तीस वर्षं न बदलणारं. असा दर आता औषधालाही सापडत नाही. त्यातले सहा लाख डॉलर फेडायचे बाकी आहेत. गॅरेजच्या सव्वा लाखासाठी कॅश-आउट रिफायनान्स केलंस, तर ते सहा लाखही नव्या दराला जातील. साडेसहा टक्के धर. वर्षाचं व्याज १७,२५० वरून ३९,००० वर जाईल, आणि तेही गॅरेजमध्ये एक खिळा न ठोकता!

त्यापेक्षा हेलॉक घे. घराच्या किमतीतला जो भाग तुझा झालाय, त्याच्या जोरावर बँक मर्यादा ठरवून देते. काम पुढे सरकेल तसे पैसे उचलायचे, आणि उचलले तेवढ्यावरच व्याज. दर चढा दिसेल. साडेआठ टक्के धरले तरी सव्वा लाखावर वर्षाला साडेदहा हजारांच्या आसपास, आणि जुनं कर्ज जागच्या जागी. व्याजाच्या पावत्या जपून ठेव. पैसे त्याच घराच्या बांधकामाला लागले, तर दोन्ही कर्जं मिळून साडेसात लाखांपर्यंतच्या मुद्दलावरचं व्याज करात वजा मागता येतं. तू त्या मर्यादेत बसतोस.

हेलॉकचा दर प्राइम रेटला बांधलेला, म्हणून हलता असतो, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. २०२२ च्या सुरुवातीला प्राइम रेट ३.२५ होता, २०२३ च्या जुलैत ८.५० झाला. आमचं हेलॉक तेव्हा चालू होतं आणि दर महिन्याचं बिल उघडताना माझे हात थंड पडायचे. बहुतेक ठिकाणी पहिली दहा वर्षं नुसतं व्याज भरायची मुभा असते. त्या मुभेवर विसंबू नकोस, पहिल्या महिन्यापासून थोडं थोडं मुद्दल फेड. ही टांगती तलवार नको असेल, तर स्थिर दराचं होम इक्विटी लोन मिळतं, तेही जुन्या कर्जाला धक्का न लावता.

निवृत्तीच्या ४०१(के) खात्यातून कर्ज उचलायचा विचार सोड. तू एच-१बी वर आहेस. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जेमतेम साठ दिवस मिळतात, आणि ते कर्ज पुढच्या कर-विवरणाच्या मुदतीपर्यंत भरलं नाही, तर कर आणि वर दहा टक्के दंड. पुढेमागे ते घर भाड्याने दिलंस तर येणारं उत्पन्नही आत्ता हिशेबात धरू नकोस. हप्ता तुझ्या एकट्याच्या पगारातून निघाला पाहिजे. आणि भाऊजी ठेव मोडून पैसे पाठवतो म्हणतील, ते घेऊ नकोस रे. सत्तरीतल्या माणसाची ती औषधपाण्याची पुंजी आहे.

इथला कायदा तुझ्या बाजूचा आहे. गॅरेज मोडलं म्हणून गाडीसाठी दुसरी जागा दाखवावी लागत नाही, ७५० चौरस फुटांच्या आत इम्पॅक्ट फी नाही, आणि मालमत्ता कर वाढतो तो नव्या कामापुरताच.

कंत्राटदाराला सही करताना किती द्यायचे, तेही इथे ठरलेलं आहे: एकूण रकमेच्या दहा टक्के किंवा हजार डॉलर, यांत जे कमी असेल ते. जास्त मागितले तर उठून ये. आमच्या गॅरेजच्या वेळी आम्ही कंत्राटदाराला वेळच्या वेळी पूर्ण पैसे दिले. त्याने नळकामवाल्याचे बुडवले, आणि त्या नळकामवाल्याने आमच्याच घरावर लीन, म्हणजे थकलेल्या पैशाचा बोजा, टाकला. त्याच कामाचे पैसे आम्हाला दोनदा मोजावे लागले. म्हणून प्रत्येक हप्त्याला, हाताखालच्या लोकांसकट, लीन रिलीजचा सही केलेला कागद हातात घेतल्याशिवाय चेक सोडू नकोस.

अंदाजपत्रक घेण्याआधी गॅरेजच्या जमिनीवर, मागच्या भिंतीपाशी, एक गोटी ठेव. ती घरंगळत मोठ्या दाराकडे जाईल, कारण गाडीवरून गळलेलं पाणी बाहेर जावं म्हणून तो उतार मुद्दाम दिलेला असतो. ती फरशी सपाट करणं, ओल अडवणं, मोरीसाठी काँक्रीट फोडून ड्रेनेजची पाइप घालणं, विजेचं १०० अँपिअरचं पॅनेल बदलणं, हे पहिल्या अंदाजात येतच नाही. आमचा १,१०,००० चा अंदाज १,३८,००० वर गेला तो याच चार गोष्टींनी. तेवढी जादा मर्यादा बँकेकडून आत्ताच मंजूर करून घे. उचलली नाहीस तर तिच्यावर व्याज नाही.

पुढच्या शनिवारी तुझ्या कर्जाचं शेवटचं स्टेटमेंट आणि दोन बँकांचे दर घेऊन जेवायलाच ये. काका कॅल्क्युलेटर घेऊन तयार आहेत. परमिट हातात येईपर्यंत ताईला तारीख सांगू नकोस, ती लगेच तिकिटं काढायला बसेल.

तुझी,
मावशी