घाट फोडणाऱ्यांचे ऋण

माझी सारी नोकरी कसाऱ्याच्या बँकर इंजिनांवर गेली. गाडी पायथ्याशी थांबते, मागून आमची इंजिने लागतात आणि ३७ फुटांना १ फूट अशा चढावर तिला इगतपुरीपर्यंत रेटतात. मग रिकामी इंजिने घेऊन खाली उतरताना कातळावर पहारीने पाडलेल्या सुरुंगाच्या भोकांचे वण दिसतात.

हा थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी रेल्वेला खुला झाला. डायनामाइट तेव्हा निघाले नव्हते. मजूर हातांनी भोके पाडत, त्यांत दारू ठासत, वात पेटवून पळत. स्फोटाने, पटकीने, तापाने माणसे गेली. साहेब इंजिनिअरांची नावे ग्रंथांत आहेत, मजुरांची नाहीत.

गीतेचा निष्काम कर्मयोग मी रोज वाचतो. पण फळाची आशा सोड, हे त्या मजुराला सांगायचा अधिकार मला आहे का? त्याला फळ मिळालेच नाही; ते मी पगारात आणि पेन्शनमध्ये घेतले. आशा सोडण्याचा उपदेश प्रत्येकाने स्वतःलाच करावा. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ हाती आले, की ऋण सुरू होते. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी, पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋणही सांगितले आहे.

ते फेडायचे कसे? आजही ट्रॅकमन भर पावसात घाटात रूळ तपासत चालतात, दरडींवर नजर ठेवतात. त्यांना पुरती मजुरी, सुरक्षितता आणि मान मिळावा, यासाठी बोला. घाटातल्या घाटनदेवीला नारळ जरूर फोडा. पण माणसाचे ऋण माणसालाच फेडावे लागते.