मापासाठी उभा माणूस

खाणीच्या जुन्या छायाचित्रात पुष्कळदा एक माणूस दिसतो. उभ्या कातळापाशी, हात खाली सोडून, कॅमेऱ्याकडे बघत असलेला. तो तिथे स्वतःसाठी उभा नसतो. कातळ किती उंच आहे, हे पाहणाऱ्याला कळावं म्हणून त्याला उभं केलेलं असतं. भूशास्त्रातली ही जुनी रीत. दगडाचा फोटो काढताना शेजारी हातोडा ठेवायचा, नाणं ठेवायचं, नाहीतर माणूस उभा करायचा.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, चिखला हे गाव आहे. नावात चिखल, पोटात मँगनीज. पोलादाला कणखर करणारं हे खनिज इथून शंभराहून अधिक वर्षं निघतं आहे. आधी ब्रिटिश कंपनीचा कारभार होता; 1962 साली आजची ‘मॉइल’ स्थापन झाली. त्याआधी, 1909 साली, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस ली फर्मोर यांनी देशातल्या मँगनीजवर हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. मँगनीजच्या सोबतीने सापडणाऱ्या एका खडकाला त्यांनी नाव दिलं ‘गोंडाइट’. इथल्या गोंडांवरून. आज दूर देशातल्या अभ्यासकाच्या तोंडीही हा शब्द आहे.

जमातीचं नाव असं दगडावर कोरलं गेलं. सब्बल धरणाऱ्या एकट्या माणसाचं नाव मात्र कुठे शोधायचं? चित्राखालच्या ओळीत खाणीचं नाव असतं, खडकाचं असतं, साल असतं. मापासाठी उभ्या असलेल्याचं नाव क्वचितच.

आणि त्या मापाला किती ज्ञान होतं! फुटलेल्या ढिगातून माल वेचणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. चांगलं मँगनीज काळं आणि हाताला जड. पांढुरका, हलका दगड म्हणजे गारगोटी. धुळीने सगळंच एका रंगाचं झालं की डोळा फसतो, पण तळहात वजन ओळखतो. तिचा हातच तराजू होता. छायाचित्रात टोपलं येतं, चुंबळ येते, वाकलेली पाठ येते. तळहातातली ही पारख कुठल्याच भिंगातून आत येत नाही. ती सांगायला निदान तिचं नाव तरी हवं होतं.

नाव न लिहिणाऱ्या, फोटो काढणाऱ्या साहेबाला दोष देणं सोपं आहे. पण आपणही तेच करतो. आषाढात याच तुमसर तालुक्यात रोवणी लागते. गुडघाभर चिखलात एका रांगेत बाया वाकलेल्या असतात. आपण बांधावरून मोबाइल काढतो, हिरवे पऱ्हे, भरलेलं आभाळ, रंगीत लुगडी टिपतो आणि खाली लिहितो, ‘आमच्या धानाची रोवणी’. धान आमचं, बांधी आमची, फोटो आमचा. रांगेतल्या बाया? बांधी किती मोठी आहे ते कळावं, एवढ्यापुरत्याच.

फोटो टाकण्याआधी बांधावरून एकदा हाक मारून बघावी. हाक मारायची तर नाव माहीत असावं लागतं.