अर्ज की आर्जव?

शास्त्रपाठ : उत्पत्ती १७:१५-१९, १८:९-१५, मार्क १४:३२-३६



हुमनाबादच्या बाजारात सकाळी भाजी आणायला गेलेला माणूस घरी परतेपर्यंत तीन भाषा बोलून येतो. भाजीवालीशी कन्नड, टांगेवाल्याशी पूर्वी आणि आता रिक्षावाल्याशी दखनी, आणि उंबऱ्यात पाय ठेवला की मराठी. १९५६ साली आमचा बीदर जिल्हा हैदराबादकडून म्हैसूर राज्यात गेला. पण कोणत्याही सरकारच्या हुकमाने या भाषा घराबाहेर गेल्या नाहीत. आम्हा ख्रिस्ती लोकांजवळ मात्र एक चौथी भाषा आहे. ती बाजारात चालत नाही, घरात चालत नाही. डोळे मिटले आणि हात जोडले की ती आपोआप तोंडात येते. एरवी "अगं, चहा टाक" म्हणणारा माणूस "हे सर्वसमर्थ, सनातन, परमदयाळू पित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरे" असे सुरू करतो, आणि त्याचा आवाजदेखील बदलतो. लहान मुले अशा वेळी एक डोळा उघडून बघतात, हा आपला बापच आहे ना!

मी इतरांना नावे ठेवीत नाही. माझी उभी हयात कचेरीत कारकुनी करण्यात गेली आणि उपासनेत प्रार्थना करण्यासाठी मला नेहमी बोलावले जाई, कारण माझी भाषा शुद्ध. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीची मोठी शस्त्रक्रिया ठरली. आदल्या रात्री इस्पितळात मी तिच्या उशाशी बसून प्रार्थना केली. चांगली लांबलचक केली. डॉक्टरांच्या हातांना मार्गदर्शन, परिचारिकांवर आशीर्वाद, सर्व रुग्णांस आरोग्य, आणि शेवटी "तथापि आमची नव्हे, तर तुझी इच्छा पूर्ण होवो." आमेन म्हणून डोळे उघडले तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "देवाला अर्ज लिहूलालाव का? खाली सही बी करा आता."

मला हसू आले. दोघेही हसलो. पलीकडच्या खाटेवरच्या बाई काय झाले म्हणून उठून बसल्या. आणि हसता हसता माझ्या घशात जे दाटून आले ते गेले पंधरा दिवस मी कोणालाच दाखवले नव्हते, देवाला तर नाहीच. व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकलो आणि म्हणालो, "देवा, मला हिच्यावाचून राहायचं नाही. तुझी इच्छा दुसरी असेल तर ती मला नको आहे." बोललो आणि घाबरलो. आपण हे काय बोलून बसलो!

त्या रात्री गेथशेमाने बागेतली प्रार्थना मला प्रथमच नीट वाचता आली. आपण तिचा उत्तरार्ध पाठ केला आहे. तो आपल्याला शोभून दिसतो. परंतु प्रभूने आरंभ तेथून केला नाही. हा प्याला माझ्यापासून दूर कर, ही त्याची पहिली विनंती होती. त्याला काय नको होते ते त्याने आधी स्पष्ट सांगितले आणि मगच स्वतःला पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केले. मी पहिले वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर आलो होतो. जे हातात धरलेच नाही म्हणून सांगत होतो, ते सोडून दिले असे म्हणण्यात काय अर्थ? आणखी एक गोष्ट पाहा. मार्काने आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले, पण त्या बागेतला एक शब्द त्याने मूळ अरामी बोलीतला तसाच ठेवला : "अब्बा". तो घरातला शब्द आहे. प्राण कासावीस झाला तेव्हा प्रभूच्या ओठांवर घरची बोली आली.

आणि हसण्याचे काय? देवापुढे हसणे म्हणजे अनादर, अशी आपली समजूत. मग उत्पत्तीचा सतरावा अध्याय काढा. नव्वद वर्षांच्या सारेला पुत्र होईल असे देवाने सांगताच आब्राहाम पालथा पडला आणि हसला. बाहेरून पाहणाऱ्याला साष्टांग नमस्कार दिसला असेल! पुढल्या अध्यायात सारा तंबूच्या आड हसली आणि भिऊन नाकबूल गेली. परमेश्वराने तिला शिक्षा केली नाही, वचनही मागे घेतले नाही. फक्त तिचा नकार तेवढा चालू दिला नाही. हसलीस ते हसलीस, एवढेच. मुलाचे नाव तर देवाने आधीच ठरवून ठेवले होते : इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. त्या घरात पुढे रोज किती वेळा त्या हसण्याला हाक मारून जेवायला बोलावले असेल!

आपल्या मराठी मंडळीला तरी हे परके वाटू नये. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली आहेत. वडिलांचे कडक सोवळे, पतीचा शीघ्रकोप, स्वतःची फजिती, सारे त्यांनी हसत सांगितले आहे, आणि त्या हसण्यात कोठे विष नाही. त्यांचे वडील बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेत नसत. मला वाटते, हाच प्रयोग मिठावर करून पाहावा. धुऊन धुऊन हाती काय राहील? आपण आपल्या प्रार्थनेचे हेच करतो. राग धुतो, हेवा धुतो, भीती धुतो, आणि अळणी पाणी देवापुढे ठेवतो. रेव्ह. ना. वा. टिळक तर म्हणत की, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या तुकोबांनी विठोबाशी केलेली भांडणे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. परक्याशी कोणी असे भांडत नाही.

येथे एक इशारा दिला पाहिजे. चारचौघांत प्रार्थना करताना लोकांना हसवण्यासाठी विनोद करणारेही मी पाहिले आहेत. ते आणि मी एकाच माळेचे मणी. त्यांचा कान श्रोत्यांकडे, माझाही श्रोत्यांकडेच होता. लूकाच्या अठराव्या अध्यायातल्या परूश्याची भाषाही शुद्धच असावी.

आणि खरे बोलले म्हणजे देव मागितलेले देतोच, असेही मी सांगत नाही. माझी पत्नी बरी होऊन घरी आली. पलीकडच्या खाटेवरच्या बाई आल्या नाहीत. त्यांच्या मुलाला मी जिन्यात रडताना ऐकले होते. त्याची प्रार्थना माझ्याहून खोटी नव्हती. याचे उत्तर माझ्याजवळ नाही आणि देवाला मी ते अजून विचारतो. पूर्वी विचारत नव्हतो, एवढाच फरक. संस्कृतात 'आर्जव' शब्दाचा अर्थ सरळपणा असा आहे. मराठीत आपण तो विनवणीसाठी वापरतो. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, हे मला कचेरी सुटल्यावर समजले.

आमच्या मंडळीत एक आजी होत्या. अक्षरओळख नव्हती, थोडी कोरडवाहू जमीन होती. एका वर्षी मिरग कोरडा गेला आणि तूर पेरायची राहिली. रविवारी आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवा, बघूलालास का झोपलास?" पुढच्या बाकावर कोणीतरी खाकरले. वास्तविक ४४ व्या स्तोत्राच्या २३ व्या वचनात स्तोत्रकर्ता हेच विचारतो, आणि गलबतातल्या शिष्यांनी प्रभूला उशीवरून उठवले ते याच भावनेने. आजींना ही वचने तोंडपाठ नव्हती. त्यांचे शेत वाळत होते.

पुढे श्रावणात पाऊस आला तो असा की आजींच्या घराची मागची भिंत बसली. त्या रविवारी आजी पुन्हा उभ्या राहिल्या. सगळे कान टवकारून बसलेले. आजी म्हणाल्या, "देवा, मी पाणी मागितलं होतं. भिंत पाड म्हणून सांगितलं नव्हतं." मग त्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि पावसाबद्दल, एकेका शेताचे नाव घेऊन, शेजाऱ्यांच्याही, त्यांनी बराच वेळ आभार मानले.