न स्वीकारलेले दान

दानाचे मोल आपण नेहमी देणाऱ्याच्या हातावरून करतो. घेणाऱ्याने ते घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या जन्माला २०२५ साली तीनशे वर्षे पूर्ण झाली, आणि त्यानिमित्त काशी, सोमनाथ, गया येथील त्यांच्या बांधकामांची यादी गावोगावच्या व्यासपीठांवरून पुन्हा वाचली गेली. आम्हां सीमाभागातील मराठी मंडळींना ती यादी परकी नाही. बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर असे करीत आगगाडी ज्या परळीस पोहोचते, तेथील वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार बाईंचाच. वेरूळच्या घृष्णेश्वराचाही. यादीविषयी आमची तक्रार नाही. परंतु यादीत न बसणारी एक गोष्ट आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते.

ती सर जॉन माल्कम याने नोंदवून ठेवली आहे. त्याचा माळव्याविषयीचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. बाई १७९५ मध्ये वारल्या; म्हणजे माल्कम चौकशी करीत होता तेव्हा त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात होती. खरगोणचे दोन श्रीमंत सावकार निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवांनी आपले सारे द्रव्य बाईंना अर्पण करण्याची इच्छा दर्शविली. बाईंनी ते घेतले नाही. लोकांच्या उपयोगी पडेल आणि तुमचेही नाव राहील अशा कामी ते तुम्हीच खर्च करा, असा सल्ला त्यांनी दिला. त्यावरून त्या स्त्रियांनी खरगोण येथे कुंदा नदीवर घाट बांधला आणि गावात गणपतीचे देऊळ उभे केले.

ही गोष्ट साधी वाटते, पण त्या काळी ती साधी नव्हती. निपुत्रिकाच्या धनावर सरकारची नजर असे, अंमलदारांची असे, आणि भाऊबंदांची तर असेच असे. इंदूरचा एक सावकार असाच वारला, तेव्हा खुद्द तुकोजी होळकरांना त्या संपत्तीत वाटा हवा होता. विधवा धावत महेश्वरास गेली. बाईंनी तिला मानाची वस्त्रे देऊन घराची आणि मालमत्तेची एकमेव मालकीण ठरविले, आणि तुकोजींना आपला तळ शहरापासून दूर नेण्यास फर्माविले. अशा दिवसांत ज्या विधवा आपण होऊन धन घेऊन येतात, त्या खरोखर दान करावयास आल्या होत्या की लुबाडले जाण्याआधी एका सज्जन हाती ते सोपवावयास? आमच्या मते बाईंनी हा प्रश्न ओळखला. भयातून दिलेले धन स्वीकारणे म्हणजे त्या भयावरच शिक्कामोर्तब करणे होय.

येथे आमच्याच मातीतील एका ग्रंथकाराचे स्मरण होते. चालुक्य विक्रमादित्याच्या काळी, कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या आपल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. हिंदुस्थानच्या बहुतेक भागात वारसाहक्काचे वाद शतकानुशतके जिच्या आधारे तोडले गेले, ती ही टीका. आपल्या वस्तूवरील स्वामित्व सोडणे आणि दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न करणे, असा दानाचा अर्थ विज्ञानेश्वर सांगतो. आणि समोरच्याने स्वीकार केल्याखेरीज ते दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्नच होत नाही, असेही बजावतो. विभक्त आणि निपुत्रिक पुरुषाच्या धनाची पहिली वारस त्याची पत्नी, हेही त्याने ठामपणे मांडले आहे. कल्याणच्या या शास्त्राने खरगोणचा प्रसंग पाहिला तर अर्थ स्वच्छ होतो. बाईंनी स्वीकार केला नाही, म्हणून दान पुरे झाले नाही. म्हणून स्वामित्व त्या विधवांपाशीच राहिले, आणि दान करण्याचा अधिकारही. न घेऊन बाईंनी त्यांना जे दिले, ते कोणत्याही घाटाहून मोठे होते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो पोकळ नाही. बाईंचे स्वतःचे दान कोणाच्या पैशातून होत होते? होळकरांकडे दौलत आणि खासगी असे दोन निरनिराळे हिशेब होते. दौलत राज्याची. खासगीची जहागीर पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्याकडे लावून दिली होती. ती पुढे सुनेकडे आली. म्हणजे सासूकडून सुनेकडे आलेली ही बाईमाणसाची थैली होती, आणि बाईंचा धर्मादाय खासगीतून चाले. परंतु जहागिरीचा वसूल तरी आकाशातून पडत नाही. तो रयतेच्या घामाचाच असतो. तेव्हा ‘स्वतःचे’ ते कोणते, हा पेच खासगीनेही पुरता सुटत नाही. आम्हांस एवढेच दिसते की, जिच्या हाती दौलतही होती तिने ही रेघ पाळली, आणि ज्यांच्या हाती केवळ दौलत असते ते बहुधा पाळीत नाहीत. रयतेचे रयतेकडे परत जावे याची जाणीवही तिला असावी. महेश्वरच्या परिसरात उन्हाळ्यात तिचे नोकर शेतात चालते औत थांबवून बैलांना पाणी पाजीत; पिकावरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी उभी शेते विकत घेऊन मोकळी सोडली जात. माल्कमनेच हे सांगितले आहे. धर्मादायापेक्षा हा पैसा फौजेवर का खर्चिला नाही, अशी शंका त्याने एका जाणत्या ब्राह्मणापाशी काढली, तेव्हा त्या गृहस्थाने उलट विचारले की, दुप्पट पैसा फौजेवर ओतून तरी तीस वर्षांची अशी शांतता मिळाली असती काय? निजाम आणि टिपू सुलतानही पेशव्यांइतकाच बाईंचा मान राखीत, असे त्या ग्रंथात आहे. आमचे वाडवडील त्या निजामाच्याच मुलखात नांदले.

आता आपल्या घरांकडे वळू. १९५६ च्या जूनमध्ये हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि विधवेला मिळालेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. यांतील दुसऱ्या घटनेवर आपण सत्तर वर्षे बोलत आलो आहोत. पहिलीवर आपल्या ओसरीवर कितीसे बोलणे झाले? २००५ च्या दुरुस्तीने देशभर मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क मिळाला. तरीही शेताच्या वाटणीची वेळ आली की, बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात आणि ती त्यांनी ‘खुशीने’ केली असे आपण अभिमानाने सांगतो. ती खुशी खरीही असेल. माहेर तुटू नये, दिवाळीला भाऊ दारात यावा, ही इच्छा खोटी नसते. पण त्या इच्छेत भय किती आणि प्रीती किती, हे सही घेणाऱ्या भावाने कधी तपासले आहे काय? काकू किंवा आत्या निपुत्रिक असली, तर तिचे शेत पुतण्यांच्या नावे होते आणि देवळाच्या ओवरीवर शिळा बसते: कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. देणारीचे नाव असलेच तर ‘पत्नी’ एवढेच.

कायदा सही वैध ठरवील. विज्ञानेश्वराच्या कसोटीने मात्र चेंडू घेणाऱ्याच्या अंगणात राहतो, कारण स्वीकार त्याचा आहे, आणि नाकारण्याची मोकळीकही त्याचीच आहे. ताई, हे शेत तुझेच राहू दे, त्याचे काय करायचे ते तू ठरव, असे म्हणणारा भाऊ आपल्या गावांत अगदीच नाही असे नाही. आम्हांस असे दोघे-तिघे ठाऊक आहेत. लोक त्यांना भोळे म्हणतात.

खरगोणच्या त्या विधवांविषयी अधिक काही सांगता येत नाही. माल्कमच्या ग्रंथात दोन्ही सावकारांची नावे आहेत. घाट ज्यांनी बांधला त्यांची नाहीत.